अंडं मिठाच्या पाण्यातही बुडतंय? दरवर्षी अडणाऱ्या प्रयोगाची दुरुस्ती

काचेचा ग्लास, पाणी, अंडं, मीठ. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो आणि तितकाच हमखास अडतोही. पोरं चमचा-चमचा मीठ घालत राहतात, अंडं तळाशी ढिम्म. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘बाई, अंडंच खराब आहे’ म्हणतं, तोवर घंटा होते. दोष मग अंड्याला, मिठाला, नळाच्या पाण्याला, सगळ्यांना दिला जातो. मीठ नेमकं किती घातलं, हे कोणी विचारत नाही.

हा प्रयोग चमच्यानं करायचाच नाही, ग्रॅमनं करायचा. शाळेत वजनकाटा नसेल तर तासापुरता घरून आणायचा. मीठ मोजून घातलं तर हा प्रयोग बिघडणं कठीण आहे. तरीही बिघडलाच, तर नेमकं कुठे बिघडलं ते शोधता येतं. खाली लक्षणांप्रमाणे कारणं दिली आहेत. सगळ्यांत जास्त वेळा आढळणारं कारण सगळ्यांत आधी.

अंडं तळ सोडतच नाही

मीठ कमी पडलंय. दहापैकी आठ-नऊ वेळा एवढंच असतं.

ताज्या अंड्याची घनता मिलिलिटरला साधारण १.०८ ग्रॅम असते. पाण्याची १. म्हणजे द्रावणाची घनता १.०८च्या वर गेल्याशिवाय अंडं उचललं जाणार नाही. आता अर्धा लिटर पाणी घ्या. चहाच्या सपाट चमच्यात बारीक मीठ पाच-सहा ग्रॅम मावतं. दोन चमचे घातले तर घनता होते जेमतेम १.०१५. पाच चमचे घातले तरी १.०४. अंडं हलायचंही नाही. अर्धा लिटरमध्ये ५० ग्रॅम मीठ गेलं की घनता १.०६४ पर्यंत येते, आणि इथेच बहुतेक जण हात टेकतात. ७० ग्रॅमला ती १.०८८ होते आणि ताजं अंडंही वर येऊ लागतं. थोडं हातचं राखून ७५ ग्रॅम धरा. लिटरला १५० ग्रॅम. चमच्यांच्या हिशेबात हे अर्ध्या लिटरला बारा-पंधरा चमचे झाले.

एवढं मीठ घालायला हात धजावत नाही, हीच खरी अडचण आहे. दोन-अडीच ग्लास पाण्यात पंधरा चमचे मीठ म्हणजे स्वयंपाकघरातल्या अंदाजानं वेडेपणाच. पण इथे चवीपुरतं मीठ कामाचं नाही.

किनाऱ्यावरच्या शाळांत आणखी एक गंमत होते. रत्नागिरी-मालवणकडची मुलं उत्साहानं समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणतात. समुद्र खारट, समुद्रात माणूस सहज तरंगतो, मग अंडं तर तरंगायलाच हवं. ते बुडतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि घनता असते १.०२५ च्या आसपास. माणसाच्या फुप्फुसांत हवा भरलेली असते म्हणून त्याची घनता मुळातच पाण्याच्या जवळपास असते, त्याला एवढं पुरतं. अंड्याला पुरत नाही. हा प्रयोग फसला म्हणून बाजूला ठेवू नका, उलट फळ्यावर लिहून ठेवा. अंड्याची घनता १.०२५ पेक्षा जास्त आहे, हे तुम्हाला एक बाटली समुद्रानं फुकट सांगितलं.

नळाचं पाणी ‘जड’ आहे म्हणून प्रयोग बिघडला, असंही ऐकू येतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी घेतलं आणि त्यात लिटरला ५ ग्रॅम क्षार आहेत असं धरलं, तरी घनता १.००४ च्या आसपासच राहते. अंड्याला त्याचं काही देणंघेणं नाही. पाण्याला दोष देणं सोडून द्या.

खडेमीठ चालतं, फक्त विरघळायला वेळ खातं. तळाशी खडे दिसत असतील तर तेवढं मीठ अजून द्रावणात आलेलंच नाही, ते हिशेबात धरू नका. पाणी कोमट केलं तर मीठ लवकर विरघळतं. पण गरम पाण्यात खूप जास्त मीठ मावतं, हा समज मिठाच्या बाबतीत खरा नाही. गार असो की उकळतं, १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ते ३९ ग्रॅमच्या पलीकडे ते जात नाही. साखरेचं तसं नाही. साखर वापरायची तर वजनानं जवळजवळ दुप्पट लागते, अर्धा लिटरला १४० ग्रॅमच्या आसपास. वर मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

गणितात घनता जास्त येते, तरी अंडं बुडतं

हा प्रश्न हुशार मुलांना पडतो, म्हणून तो नीट सोडवायला हवा. मूल म्हणतं: ५०० मिलि पाणी म्हणजे ५०० ग्रॅम, त्यात ५० ग्रॅम मीठ, एकूण ५५० ग्रॅम. भागिले ५००, घनता १.१. मग १.०८ चं अंडं का बुडलं?

कारण भागाकार ५०० नं करायचा नाही. मीठ विरघळलं की द्रावणाची पातळी वाढते. मोजपात्रात बघितलं तर ५०० मिलि पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळल्यावर सुमारे ५१७ मिलि द्रावण होतं. ५५० भागिले ५१७ म्हणजे १.०६४. अंडं बुडणारच. मीठ घालण्याआधीचं आकारमान आणि घातल्यानंतरचं वस्तुमान, ही सरमिसळ वहीत सर्रास सापडते. मुलांना मोजपात्राच्या बाहेर पेननं दोन रेघा मारायला लावा, एक मिठाआधीची आणि एक मिठानंतरची. पुढच्या वेळी चुकणार नाहीत.

अंडं मध्येच लटकतंय

हे दिसायला सुरेख, पण जे दाखवायचं होतं ते हे नाही. मीठ वरून ओतलं आणि ढवळलं नाही किंवा चमचा फक्त वरवर फिरवला, की तळाशी दाट खारं पाणी साठतं आणि वर जवळजवळ गोडं पाणी राहतं. अंडं वरच्या थरात बुडतं, खालच्या थरावर तरंगतं आणि सीमेवर अधांतरी थांबतं. मुलांना वाटतं, घनता अगदी बरोबर जुळली म्हणून ते मधे थांबलं. तसं नसतं. सगळीकडे सारख्या द्रावणात अंडं मधल्या एका जागी स्वस्थ थांबणं जवळपास अशक्य आहे. घनतेत तिसऱ्या दशांश स्थळाचाही फरक असला तरी ते हळूहळू वर जातं किंवा खाली.

थर पडलेत की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येतं. ग्लास खिडकीसमोर धरा आणि आरपार पाहा. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा जशी थरथरताना दिसते तशा पारदर्शक रेषा ग्लासात दिसल्या, तर पाणी एकसारखं नाही.  

उपाय साधा आहे: अंडं बाहेर काढा, चमचा तळाला टेकवून दोन मिनिटं नीट ढवळा, पाणी स्थिर होऊ द्या, मग अंडं परत सोडा. अंडं आत असताना जोरात ढवळू नका. एक तर ते काचेवर आपटून फुटतं, आणि दुसरं म्हणजे भोवऱ्याबरोबर गोल फिरताना ते वर आल्यासारखं दिसतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि पाणी थांबल्यावर ते पुन्हा तळाशी जातं.

हे थर मुद्दाम करायचे असतील तर मात्र छान प्रयोग होतो. अर्ध्या ग्लासात दाट मीठपाणी घ्या आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी हलकेच सोडा. न हलवता ठेवलं तर अंडं दिवसभर मधेच तरंगत राहतं. मीठ आपणहून वर मिसळायला फार वेळ घेतं.

अंडं साध्या पाण्यातच तरंगतंय

अंडं जुनं आहे. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून आतलं पाणी वाफ होऊन हळूहळू निघून जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. आकार तोच, वजन कमी, म्हणून घनताही कमी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुकानाबाहेर ट्रेमध्ये पडलेल्या अंड्यांचं हे फार लवकर होतं, फ्रिजमध्ये सावकाश.

ताजं अंडं तळावर आडवं पडतं. थोडं जुनं झालं की बोथट टोक वर करून तिरकं उभं राहतं. फारच जुनं असेल तर वर येतं, आणि ते वर्गात फोडू नका, वास तासभर जात नाही. तरंगणारं अंडं आलंच तर फेकण्याआधी मुलांना ताज्याशेजारी ठेवून दाखवा. दोन्हींचा आकार जवळपास सारखा आणि वागणं वेगळं, ही घनतेची सगळ्यांत चांगली ओळख आहे.

याच कारणानं दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत. एका गटाचं अंडं ६० ग्रॅम मिठात वर येतं, दुसऱ्याचं ७२ ग्रॅमला. अशा वेळी ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका. अंडी बदलून पाहायला सांगा. अंड्याबरोबर आकडाही बदलला, तर दोघांचंही बरोबर आहे.

उकडलेलं अंडं चालतं आणि लहान वर्गांत तेच बरं, फुटलं तरी पसारा नाही. फक्त उकडताना त्याला तडा गेलेला नसावा. तड्यातून मीठपाणी आत शिरत राहतं आणि आकडे घसरतात.

तरंगलंय, पण कोणाला दिसत नाही

पाठीमागच्या रांगेतल्या मुलांची ही तक्रार रास्त असते. अंडं कागदी होडीसारखं पाण्यावर अर्धं बाहेर येईल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण १.१० घनतेच्या द्रावणात १.०८ चं अंडं ९८ टक्के पाण्याखालीच असतं. वर दिसतो तो रुपयाच्या नाण्याएवढा गोल ठिपका. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं, म्हणजे अर्धा लिटरला जवळपास १८० ग्रॅम, तर घनता १.२ पर्यंत जाते आणि तेव्हाही फक्त दहावा भाग वर येतो. याहून जास्त वर येणं खाण्याच्या मिठानं शक्य नाही.

म्हणून प्रात्यक्षिकासाठी दोन ग्लास करा: एकात बेताचं द्रावण, दुसऱ्यात भरपूर मीठ. अंड्याला पेन्सिलीनं पाण्याच्या रेषेवर खूण करा. ग्लास स्टीलचा नको, काचेचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा घ्या आणि तो आतून निदान सात सेंटिमीटर रुंद असू द्या. अंड्याची रुंदी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असते. अरुंद ग्लासात ते काचेला घासत अडकतं आणि अडकलेल्या अंड्याला तरंगलेलं समजलं जातं.

पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ विरघळत नाहीत, ते तळाशी बसतात. आदल्या दिवशी द्रावण करून ठेवलं की वरचं स्वच्छ पाणी ओतून घेता येतं. टरफलावर बुडबुडे चिकटले असतील तर बोटानं पुसून काढा. एरवी त्यांचा फरक पडत नाही, पण अंडं अगदी तरंगू की बुडू अशा सीमेवर असेल तर ५० मिलिलिटरच्या अंड्याला पाव मिलिलिटर हवाही वर ओढून नेते. ‘कधी वर येतं, कधी खाली जातं’ ही तक्रार असेल तर आधी बुडबुडे बघा.

शाळेत अंडं चालत नसेल तर

बटाटा घ्या. त्याची घनता साधारण १.०६ ते १.१० मध्ये असते, म्हणजे मीठ तेवढंच लागतं. बटाट्यागणिक ती बदलते, कारण पिठूळपणा बदलतो. अख्खा, धुतलेला, लहान बटाटा उत्तम. कापून घातला तर तो द्रावणात फार वेळ ठेवू नका. खारं पाणी त्यातलं पाणी ओढून घेतं, फोड मऊ पडते, वजन आणि आकार दोन्ही बदलतात. अर्ध्या तासापूर्वी तरंगणारी फोड आता का बुडते, याचं उत्तर बहुधा यातच असतं.

पण कोकणातल्या किंवा मावळातल्या शाळेसाठी मला याहून आवडणारा प्रयोग आहे भाताच्या बियाण्याचा. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाकायचं, वर आलेलं पोचट बियाणं काढून टाकायचं आणि तळाशी बसलेलं भरीव बियाणं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. कृषी विभाग हे वर्षानुवर्षं सांगत आलाय आणि अर्ध्या वर्गाच्या घरी ते होतंही. हे तीन टक्के द्रावण, घनता १.०२. अंड्याला ते अजिबात पुरणार नाही, पण पोचट आणि भरीव दाणा वेगळा करायला नेमकं पुरतं. वर्गात लिटरला ३० ग्रॅम मीठ आणि मूठभर भात बस.

इथलीही एक नेहमीची अडचण आहे. चांगलं बियाणंही वर तरंगतं. कोरड्या तुसाला हवा चिकटलेली असते आणि पृष्ठताणामुळे दाणे पाण्याच्या पृष्ठभागावरच अडकून राहतात. हातानं दाबून नीट ढवळा, काही मिनिटं थांबा, पुन्हा ढवळा. त्यानंतरही जे वर राहील ते पोचट. न ढवळता वरचं काढून टाकलं तर चांगलं बियाणंही फुकट जातं. शाळेत ठीक आहे, शेतावर नाही.

द्रावण बरोबर झालंय का, हे कशानं मोजायचं?

दूध संकलन केंद्रातला, दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर आणावा असं कोणाला तरी सुचतंच. इथे तो कामाचा नाही. त्याची पट्टी १.०४० च्या आसपास संपते, आपल्या द्रावणात तो भलताच वर येऊन आडवा होतो. बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा, बॅटरीवाल्याकडचा हायड्रोमीटर सुरू होतो तो १.१०० पासून. आपलं १.०८–१.०९ या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतं. शिवाय बॅटरीच्या हायड्रोमीटरमध्ये आम्लाचे थेंब राहिलेले असतात, तो मुलांच्या हातात नकोच.

स्ट्रॉचा घरगुती हायड्रोमीटर करता येतो. स्ट्रॉचं एक टोक मेणानं पक्कं बंद करा, आत खिळे किंवा छर्रे घालून तो उभा तरंगेल असा करा. समजा तो साध्या पाण्यात १२ सेंटिमीटर बुडतो. मग १.०८ च्या द्रावणात तो ११.१ सेंटिमीटर बुडेल. फरक नऊ मिलिमीटरचा, पट्टीनं सहज मोजता येतो. मेणाची पकड सुटून आत पाणी शिरलं की मात्र तो खोटं सांगू लागतो, म्हणून प्रत्येक तासाला आधी साध्या पाण्यात १२ येतात का ते बघून घ्या.

पण सगळ्यांत खात्रीचा मार्ग वजनाचा. अंडं वर येऊ लागेपर्यंत मीठ थोडंथोडं घाला, दर वेळी नीट ढवळा. ते तळ सोडून सावकाश वर येऊ लागलं की थांबा, अंडं काढा आणि द्रावण मोजपात्रात घेऊन ५०० मिलिलिटरचं वजन करा. ५४१ ग्रॅम आलं तर द्रावणाची घनता १.०८२, आणि अंड्याची तेवढीच. अंडं न फोडता, त्याचं आकारमान न मोजता त्याची घनता मिळाली. हा भाग मला मूळ प्रयोगापेक्षा मोलाचा वाटतो. ‘मीठ घातलं, अंडं वर आलं’ हे पाचवीलाही कळतं. अंडं वर आलं त्या क्षणी द्रावणाचा आकडा तोच अंड्याचा आकडा, हे आठवी-नववीला कळायला हवं.

अंड्याचं वस्तुमान भागिले आकारमान असं थेट का करू नये? कारण घरगुती काट्याचं लघुतम माप १ ग्रॅम असतं. अंडं ५४ ग्रॅम, आकारमान ५० मिलि, उत्तर १.०८. पण दोन्हींत एकेका एककाची चूक धरली तर उत्तर १.०४ ते १.१२ मध्ये कुठेही येऊ शकतं. एवढ्या रुंद पट्ट्यातून किती मीठ लागेल, हे सांगता येत नाही. थेटच करायचं तर पाच-सहा अंडी एकत्र मोजा, किंवा सोनाराकडे असतो तसा बारीक काटा मिळवा.

‘सांडलेलं पाणी आणि घटलेलं वजन जुळत नाही’

अंड्याच्या प्रयोगानंतर आर्किमिडीजचं तत्त्व येतं (बुडवलेल्या वस्तूचं वजन जेवढं घटतं, तेवढ्याच वजनाचं पाणी ती बाजूला सारते) आणि दुसरी अडचण सुरू होते. तोटीच्या भांड्यात तोटीपर्यंत पाणी भरायचं, तानकाट्याला टांगलेला दगड बुडवायचा, सांडलेलं पाणी तोलायचं. पुस्तकात दोन्ही आकडे समान, वर्गात कधीच नाही.

बहुतेक वेळा पाणी कमी भरतं. दगड बुडवल्यावर शेवटचे थेंब तोटीच्या ओठावर फुगून अडून राहतात. हाही पृष्ठताणच. तोटी आतून आधीच ओली करून घ्या आणि शेवटी ओठाला ओली काडी टेकवा, अडलेलं पाणी खाली येतं. पाणी जास्त भरलं तर भांडं भरल्यावर तोटीतून थेंब गळणं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिलेली नाही, किंवा दगड धप्पकन सोडलाय, लाटेनं जास्तीचं पाणी बाहेर गेलंय. तानकाट्याची खूण १० ग्रॅमची असेल तर १४५ ग्रॅमचा दगड त्यावर कधी १४०, कधी १५० वाचला जातो. चारशे-पाचशे ग्रॅमचा दगड घ्या, काटा डोळ्यांच्या रेषेत धरा, आणि काही न टांगता तो शून्यावर आहे का ते आधी पाहा.

राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदी मिसळली आहे का, हे आर्किमिडीजनं सांडलेल्या पाण्यावरून ओळखलं, या गोष्टीलाही हीच अडचण आहे. किलोभर शुद्ध सोन्याचं आकारमान ५२ मिलि. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर ६५. फरक १३ मिलिलिटरचा. मुकुट मावेल अशा २० सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यात पातळीतला हा फरक अर्धा मिलिमीटरही होत नाही. सांडलेल्या पाण्यावरून चोरी पकडणं अवघड आहे, हे गॅलिलिओनं १५८६ मध्ये हेरलं आणि वस्तू पाण्यात बुडवूनच तोलणारा तराजू सुचवला.

तेच तुम्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा. काट्यावर अर्धं भरलेलं चंचुपात्र ठेवा, शून्याचं बटण दाबा. दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला लागू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर दगडाचं आकारमान. पाणी दगडाला जेवढं वर ढकलतं तेवढाच दगड पाण्याला खाली ढकलतो, काटा तेच दाखवतो. मग दोरा ढिला सोडून दगड तळावर ठेवा, आता दिसेल ते त्याचं वस्तुमान. सह्याद्रीचा काळा दगड असेल तर १४५ ग्रॅम आणि ५० मिलि असे काहीसे आकडे येतात, घनता २.९.

आकडा स्थिर राहत नसेल तर तीन गोष्टी बघा. दगड कडेला टेकतोय का. पंखा चालू आहे का. आणि दगड जांभा तर नाही ना. जांभ्यात आणि विटेत छिद्रं असतात, त्यांतून बुडबुडे निघत राहतात आणि पाणी आत शिरेल तसा आकडा खाली सरकतो. जांभा वापरायचाच असेल तर रात्रभर भिजवून मग घ्या, आणि वहीत ‘भिजलेला’ असं लिहा. काही काटे थोड्या वेळानं आपोआप बंद होतात आणि चालू केल्यावर शून्य पुन्हा धरतात, तेव्हा चर्चा आकडा लिहून झाल्यावर करा.

तास संपल्यावर मीठपाणी शाळेच्या बागेत ओतू नका, झाडं जळतात. ते बाटलीत भरून नावाची चिठ्ठी लावून ठेवा, पुढच्या तुकडीला चालतं. ताटलीत उन्हात ठेवलं तर चार दिवसांत मीठ परत मिळतं, खायला मात्र देऊ नका. तानकाट्याचा हूक आणि कात्री साध्या पाण्यानं धुऊन पुसून ठेवा, नाहीतर पुढच्या सत्रात गंज खरवडत बसावं लागेल.